सुटावीत म्हणून घातलेली कोडी

मिलानच्या ईशान्येला, आल्प्सच्या पायथ्याशी बेर्गामो नावाचं जुनं शहर आहे. तिथल्या अकादेमिया कारारा या संग्रहालयात लोरेंझो लोत्तो या चित्रकारानं रंगवलेलं एका स्त्रीचं चित्र आहे. काळ १५२०च्या आसपासचा. बाई अंगानं भरलेल्या, खानदानी घरातल्या. गळ्यात मोत्यांच्या माळा, बोटांत अंगठ्या, नजर थेट पाहणाऱ्यावर रोखलेली. मागच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात रात्रीचं आभाळ आणि त्यात चंद्रकोर. व्यक्तिचित्रात रात्र कशाला, असं वाटून जरा जवळ गेलं की त्या कोरीत बारीक दोन अक्षरं दिसतात. इटालियनमध्ये ती एकत्र वाचली की उच्चार होतो ‘ची’. चंद्राला इटालियनमध्ये म्हणतात ‘लूना’. आता ‘लूना’च्या पोटात ‘ची’ ठेवा: लू-ची-ना. बाईंचं नाव लूचीना. तर्जनीतल्या अंगठीवर ब्रेंबाती घराण्याचं चिन्ह आहे, म्हणजे आडनावही मिळालं.

इथवर आलेल्याला लोत्तो आणखी एक पायरी चढायला लावतो. लूचीना हे प्राचीन रोममधल्या प्रसूतीच्या देवीचंही नाव. त्यामुळे चंद्र इथे नावापुरता उरत नाही, स्त्रीच्या आयुष्याशीही त्याचा सांधा जुळतो. दोन अक्षरांत एवढं बसवणारा हा माणूस व्हेनिसचा. टिशियनच्या सावलीत राहिल्यामुळे त्याच्या वाट्याला कीर्ती कमी आली. माझ्या मते कोडं घालण्याच्या कलेत मात्र त्या काळात त्याच्या तोडीचे फार थोडे होते.

प्रबोधनकाळातल्या चित्रांमधल्या ‘गुप्त संकेतां’विषयी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं. २००३ साली आलेल्या ‘द दा विंची कोड’ या कादंबरीनं तर जगभरच्या वाचकांना असं वाटायला लावलं की त्या काळचे चित्रकार म्हणजे कुठल्या तरी गुप्त मंडळाचे सभासद होते आणि चित्रांमधून जगापासून काहीतरी लपवत होते. लूचीनाच्या चित्रात लपवण्यासारखं काय आहे? ती घरातली बाई, चित्र घरातल्या भिंतीसाठी, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिचं नाव आधीच ठाऊक. कोडं घातलं ते पाहुण्यानं चित्रासमोर दोन घटका थांबावं आणि सुटलं की हसून यजमानाकडे पाहावं म्हणून. या काळातली बहुतेक कोडी अशीच, ओळखीच्या माणसांनी ओळखीच्या माणसांसाठी घातलेली. ती सुटावीत हीच घालणाऱ्याची इच्छा होती.

खरी गुपितं ठेवायची असत तेव्हा त्या लोकांना ती कशी ठेवायची हे उत्तम कळत होतं. लेओन बातिस्ता आल्बेर्ती हे नाव चित्रकलेच्या इतिहासात १४३५च्या ‘चित्रकलेविषयी’ या ग्रंथामुळे येतं. सपाट पृष्ठावर खोली कशी दाखवायची याचे नियम त्यानं त्यात मांडले. याच आल्बेर्तीनं १४६६-६७च्या सुमारास सांकेतिक लिपीवर एक छोटा ग्रंथ लिहिला आणि त्यात एकात एक फिरणाऱ्या दोन तबकड्यांचं साधन सांगितलं. आतली तबकडी मधूनमधून फिरवायची, म्हणजे एकाच अक्षराला दर वेळी वेगळं अक्षर येतं. पुढे १५१८ मध्ये योहानेस ट्रिथेमियस या जर्मन मठाधिपतीचा ‘पॉलिग्राफिया’ छापून निघाला. सांकेतिक लिपीवरचं ते पहिलं छापील पुस्तक. वकिलाती, पोपचा दरबार, व्यापारी पेढ्या यांची गुपितं अशा साधनांच्या हवाली होती. चित्राकडे वेगळं काम होतं.

ते काम कसं चाले हे मिलानच्या दरबारात पाहावं. लुदोविको स्फोर्झाच्या पदरी असताना, १४९०च्या आसपास, लिओनार्दोनं एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी चित्रकोड्यांनी भरून काढला. आज तो कागद विंडसरच्या राजसंग्रहात आहे. त्यावर शंभराहून अधिक कोडी आहेत. एका ठिकाणी मासे धरायचा गळ काढलाय आणि पुढे संगीताचे सूर. गळाला ‘आमो’ म्हणतात, पहिला सूर ‘रे’. झालं ‘आमोरे’, म्हणजे प्रेम. पुढचं वाक्यही बरंचसं सुरांच्या नावांनीच पुरं होतं. दुसरीकडे ज्वाळांत सापडलेला सिंह आणि शेजारी दोन मेजं. सिंह ‘लेओने’, जळणं ‘आर्देरे’, मेजं ‘देस्की’; जोडून वाचलं की शब्द होतो ‘लिओनार्देस्की’, लिओनार्दोची मंडळी. हे दरबारातल्या संध्याकाळी करमणुकीचं साहित्य असावं. शरीरशास्त्र आणि उडती यंत्रं यांत बुडालेला माणूस त्याच हातानं असली गंमत रेखाटत होता, आणि दोन्हींत त्याचा जीव सारखाच रमलेला दिसतो.

हीच सवय त्याच्या चित्रांत उतरली. त्यानं तरुणपणी रंगवलेली जिनेव्रा दे बेंची आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिच्या डोक्यामागे काटेरी, गर्द झाड आहे ते ‘जिनेप्रो’, ज्युनिपरचं. नावाचा उच्चार झाडात ठेवला. चित्राच्या पाठीवर त्याच झाडाची डहाळी, तिच्या दोन्ही बाजूंना लॉरेल आणि ताडाचं पान, आणि भोवती गुंडाळलेल्या पट्टीवर लॅटिन ब्रीद: सौंदर्य सद्गुणाला शोभा देतं. अवरक्त किरणांनी तपासणी झाली तेव्हा त्या ओळीखाली आधी लिहिलेलं वेगळं ब्रीद सापडलं. ते होतं बेर्नार्दो बेंबो या व्हेनिसच्या राजदूताचं, जिनेव्राच्या प्रशंसकाचं. हे एवढं एकच खरोखर लपलेलं होतं, आणि तेही ब्रीद नंतर बदलल्यामुळे.

लिओनार्दोच्या नावावर गाठींची सहा कोरीव चित्रंही आहेत. एकच दोरा वळत, अडकत, सुटत सगळं वर्तुळ भरून टाकतो आणि मध्ये ‘लिओनार्दो विंची अकादमी’ अशा अर्थाची अक्षरं. टोपल्या बांधायला वापरतात त्या लवचिक फांद्यांना इटालियनमध्ये ‘विंको’ म्हणतात. तेव्हा गाठ हीच सही. ही चित्रं आल्ब्रेख्त ड्यूररच्या हाती पडली. न्यूरेंबर्गच्या सोनाराचा हा मुलगा तेव्हा दुसऱ्यांदा इटलीत आला होता. त्यानं सहाही गाठी लाकडी ठशांवर उतरवल्या. ऑक्टोबर १५०६ मध्ये व्हेनिसहून मित्र पिर्कहायमरला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की मी बोलोन्याला जाणार आहे, तिथे कुणीतरी मला यथार्थदर्शनाची, म्हणजे सपाट पृष्ठावर खोली दाखवण्याची, गुप्त विद्या शिकवणार आहे. तो ‘कुणीतरी’ कोण यावर अभ्यासकांनी बरंच डोकं चालवलंय. ड्यूरर तिथून काय घेऊन आला ते मात्र आठ वर्षांनी दिसलं.

१५१४चं ‘मेलेंकोलिया’ हे ताम्रपटावरचं कोरीवकाम वहीच्या पानाएवढं, जेमतेम २४ बाय १९ सेंटिमीटर. पंख असलेली एक स्त्री गालावर मूठ टेकून बसली आहे. हातात कंपास आहे, पण काम थांबलंय. भोवती हत्यारांचा पसारा, झोपलेला कुत्रा, शिडी, तराजू, वाळूचं घड्याळ आणि एक मोठा अनेकपैलू दगड. सहा पंचकोनी आणि दोन त्रिकोणी बाजूंचा हा दगड नेमका कसा बेतला यावर गणितज्ञ आजही लेख लिहितात. कमरेच्या किल्ल्या आणि पायाशी पडलेली थैली यांचा अर्थ ड्यूररनं एका कच्च्या रेखाटनावर स्वतःच टिपून ठेवलाय: किल्ल्या म्हणजे सत्ता, थैली म्हणजे संपत्ती. आणि भिंतीवर, घंटेच्या खाली, सोळा घरांचा चौकोन:

१६, ३, २, १३
५, १०, ११, ८
९, ६, ७, १२
४, १५, १४, १

जादूचा चौरस आपण शाळेत भरलेला असतो, त्यामुळे आडव्या, उभ्या आणि तिरप्या ओळींची बेरीज ३४ येते हे चटकन दिसतं. पण पेन्सिल खाली ठेवू नये. चार कोपऱ्यांची बेरीज ३४. मधल्या चार घरांची ३४. चौकोनाचे चार समान भाग केले तर प्रत्येकाची ३४. केंद्राच्या दोन बाजूंना समोरासमोर असलेले कोणतेही दोन आकडे घ्या, बेरीज १७. वरच्या दोन ओळींतल्या आठ आकड्यांचे वर्ग करून मिळवा, ७४८ येतात. खालच्या दोन ओळींचेही ७४८. आणि सगळ्यात खालच्या ओळीच्या मधोमध १५ आणि १४ शेजारी शेजारी: चित्राचं साल. त्यांच्या दोन बाजूंना ४ आणि १, म्हणजे वर्णमालेतलं चौथं आणि पहिलं अक्षर, डी आणि ए. ड्यूरर, आल्ब्रेख्त.

यातली कारागिरी कळायला ताम्रपटाचं तंत्र लक्षात घ्यावं लागतं. पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून प्रत्येक आकडा उलटा कोरावा लागतो. सुरुवातीच्या काही छापांत ९चा आकडा उलटा आलेला दिसतो. नंतरच्या छापांत तो सुधारलाय. इतका मोठा कलावंत, इतकं काटेकोर गणित, आणि तरी पत्र्यावर वाकलेल्या माणसाचा हात एका आकड्यावर घसरला. त्या उलट्या ९मुळे हे चित्र मला अधिकच प्रिय आहे.

त्या वर्षी मे महिन्यात ड्यूररची आई बार्बरा वारली. तिनं अठरा मुलांना जन्म दिला होता. त्यांतली तीनच हाती लागली. मार्चमध्ये त्यानं कोळशानं तिचं चित्र काढलं होतं, हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले, ६३ वर्षांची. बर्लिनला ते आहे. ‘मेलेंकोलिया’त आईचा शोक आहे असं काहीजण म्हणतात. मी एवढंच म्हणेन की ही दोन्ही चित्रं एकाच माणसानं एकाच वर्षी काढली, हे विसरून त्या चौकोनाशी खेळता येत नाही. शिवाय त्या काळच्या ज्योतिषात खिन्नता शनीची आणि चार बाय चार घरांचा चौकोन गुरूचा. शनीचा जाच गुरू कमी करतो ही समजूत फिचिनो या तत्त्वज्ञाच्या १४८९च्या ग्रंथानं सुशिक्षितांत पसरवली होती. तेव्हा भिंतीवरचं कोडं त्या खिन्न बाईसाठी उताराही असू शकतं.

हा चौकोन युरोपात आला तो पूर्वेकडून, अरबी गणित्यांच्या हातून. बायझंटाइन पंडित मॉस्कोपुलोस यानं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर ग्रीकमध्ये लिहिलं. भारतात नारायण पंडितांनी १३५६च्या ‘गणितकौमुदी’त भद्रगणित नावाचा अख्खा अध्याय याच विषयाला दिला, ड्यूररच्या १५८ वर्षं आधी. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेलं चौतीसा यंत्र तर सोळा घरांचंच आहे आणि त्याचीही बेरीज ३४. त्याच्या ओळी अशा: ७, १२, १, १४, मग २, १३, ८, ११, मग १६, ३, १०, ५, आणि शेवटी ९, ६, १५, ४. गणिताच्या एका कसोटीवर हे यंत्र ड्यूररच्या पुढे आहे. त्याची वरची ओळ उचलून तळाशी ठेवा, किंवा एका कडेचा स्तंभ दुसऱ्या कडेला न्या, तिरप्या बेरजाही ३४च राहतात. ड्यूररच्या चौकोनात तसं होत नाही. त्याला चौकोनात आपलं साल आणि नाव बसवायचं होतं, आणि त्यापायी त्यानं दुसरा गुण सोडून दिला.

असल्या कोड्यांचा संग्रह करणारा माणूस त्या काळात इटलीत होता: फ्रान्सिस्कन भिक्षू लुका पाचिओली. मिलानमध्ये लिओनार्दोचा मित्र. त्याच्या ‘दिव्य प्रमाण’ या १५०९ साली छापलेल्या पुस्तकासाठी घनाकृतींची चित्रं लिओनार्दोनं काढली. पाचिओलीचं ‘संख्यांच्या सामर्थ्याविषयी’ हे हस्तलिखित बोलोन्याच्या विद्यापीठात आहे. मनात धरलेली संख्या ओळखणं, जादूचे चौकोन, एकमेकांत अडकवलेल्या कड्या सोडवणं, दोऱ्यांची कोडी, हातचलाखी, सगळं त्यात आहे. ते छापून यायला १९९७ साल उजाडलं. हिशेबाची द्विनोंदी पद्धत छापील पुस्तकातून व्यापाऱ्यांना शिकवणारा हा शिक्षक कोड्यांना क्षुल्लक समजत नव्हता. गणित रुजवायचं तर आधी अचंबा वाटला पाहिजे, हे त्याला पक्कं कळलं होतं.

आज मोबाइलवर ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून विकली जाणारी कोडी पाचिओलीचीच दूरची वंशज आहेत. त्यांच्याविषयी एक मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला आणि २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर असे व्यायाम केले. जे खेळ खेळले त्यांत ते तरबेज झाले. त्यापलीकडे, न खेळलेल्या कामांत फायदा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मला याचं नवल वाटत नाही. लूचीनाचं कोडं सोडवणाऱ्याला एका माणसाचं नाव, एका देवीची कथा आणि एका घराण्याचं चिन्ह एकत्र मिळतं. सुटलेल्या कोड्यामागे एक जग उघडतं, ते मनात राहतं. निव्वळ घरं भरायच्या खेळात घरं भरली की सगळं संपतं.

कोडं सुटल्यावर जग कसं उघडतं याचा सगळ्यात भेदक नमुना लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. हान्स होल्बाइनचं ‘राजदूत’, १५३३. दोन मीटरहून अधिक लांब-रुंद. डावीकडे फ्रान्सचा वकील जाँ द दँतव्हील, उजवीकडे त्याचा मित्र आणि बिशप जॉर्ज द सेल्व्ह. दोघांची वयं चित्रातच लिहिलेली: खंजिराच्या म्यानावर २९, पुस्तकाच्या कडेवर २५. मध्ये दोन फळ्यांचं मेज. वरच्या फळीवर आकाश मोजायची यंत्रं, खालच्या फळीवर पृथ्वीचा गोल, वीणेसारखं ल्यूट, ल्यूथरपंथी भजनांचं पुस्तक, आणि पेटर आपियानचं व्यापारी अंकगणित. ते अंकगणित भागाकाराच्या पानावर उघडलंय. ल्यूटची एक तार तुटलीय. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री रोमपासून फारकत घेत होता, ख्रिस्ती जगाची दोन शकलं होत होती, आणि हे दोघे तरुण ते जग वाचवायच्या धडपडीत होते. ‘भागा’ या आज्ञेनं उघडणारं पान आणि तुटलेली तार. एवढं कळलं की त्या दोघांच्या चेहऱ्यांवरचा ताण वाचता येतो.

आणि पायाशी, फरशीवर तिरका पसरलेला तो करडा लांबट आकार. समोरून काही बोध होत नाही. चित्राच्या उजव्या बाजूला भिंतीलगत जाऊन तिरपं पाहिलं की तो आकार आखडत जातो आणि कवटी होते. मात्र त्या जागेवरून राजदूत, यंत्रं, रेशीम यांतलं काही धड दिसत नाही. एका वेळी एकच दिसतं, वैभव किंवा मरण. डाव्या वरच्या कोपऱ्यात हिरव्या पडद्याआडून क्रूसावरचा येशू अर्धाच डोकावतो, तोही शोधणाऱ्यालाच सापडतो. होल्बाइननं हा विचार लिहून ठेवला नाही. त्यानं पाहणाऱ्याला पावलं टाकायला लावून तो कळवला.

शोधाची चटक लागली की नसलेलंही दिसू लागतं. जर्मनमध्ये ‘होल बाइन’ म्हणजे पोकळ हाड, म्हणून कवटी ही चित्रकाराची सही, असं सुचवलं गेलंय. ते जेमतेम पटण्यासारखं. सिस्टिन चॅपलमध्ये मायकेलअँजेलोनं आदमच्या निर्मितीत देवामागचा झगा मेंदूच्या आकाराचा काढलाय, असं एका अमेरिकन डॉक्टरानं १९९० साली वैद्यकाच्या नियतकालिकात मांडलं. कल्पना मोठी आकर्षक आहे. पण मी एक कसोटी लावतो: उत्तर लावल्यावर कोड्याचे सगळे तुकडे जागच्या जागी बसतात का? ड्यूररचं साल बसतं, लूचीनाचं नाव बसतं. मेंदूचं साम्य नुसत्या आकारावर तोलून राहतं, त्याला दुसरीकडून आधार मिळत नाही. कूट घालणारा माणूस पाहणाऱ्यासाठी खुणा ठेवून जातो; त्या नसतील तर आपण स्वतःशीच खेळत आहोत.

लोत्तो खुणा ठेवण्यात कुठवर जात होता, हे बेर्गामोच्याच सांता मारिया माज्योरे या चर्चमध्ये दिसतं. १५२४ पासून त्यानं तिथल्या गायनमंचासाठी लाकडी जडावकामाची रेखाटनं केली. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे कापून ती प्रत्यक्षात उतरवली जोवान फ्रान्चेस्को कापोफेर्री या कारागिरानं. प्रसंग बायबलमधले: नोहाची नौका, फेरोच्या सैन्याला जलसमाधी, ज्युडिथ, दाविद आणि गोलियाथ. या फळ्यांच्या रक्षणासाठी वर लाकडी झाकणं हवी होती. लोत्तोनं झाकणांवरही चित्रं बेतली, आणि ती सगळी कूटं. झाकण मिटलेलं असताना हत्यारं, प्राणी, तराजू, उलट्यापालट्या वस्तू यांची विचित्र जुळणी. झाकण उघडलं की आतला प्रसंग. सृष्टीच्या निर्मितीवरच्या झाकणात सूर्याच्या किरणांत एक उघडा डोळा आहे, आणि त्या डोळ्याला हात-पाय फुटलेत.

१५२५च्या अखेरीस लोत्तो व्हेनिसला परतला आणि तिथून रेखाटनं पाठवत राहिला. काम करवून घेणारी मिझेरिकोर्दिया ही धार्मिक संस्था हिशेबी माणसांची. या झाकणांविषयी लोत्तोनं त्यांना फेब्रुवारी १५२८ मध्ये कळवलं की या गोष्टी कुठे लिहिलेल्या नाहीत, त्या कल्पनेनंच उजेडात आणायच्या असतात. त्यातल्या काही झाकणांचे अर्थ पुढे लागले. काहींवर अभ्यासक अजून वाद घालताहेत.